एक लांब शीळ

१

शनिवारी दुपारी आमच्या इमारतीच्या तळघरातली सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवलेली असे. भाडेकरू आपापल्या पाळीने टॉवेल घेऊन खाली उतरत, तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा चरचराट होई आणि बायकांचे हसणे भिंतीतून दबून ऐकू येई. त्या भिंतीच्या अलीकडे, हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या खोलीत, मी उडालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्यायोग्य करत बसे. खोलीत आता भाडेकरूंच्या सायकली, स्की आणि बटाट्यांची खोकी होती. दार जाड पोलादाचे, दोन दांड्यांनी आतून आवळायचे. खिडकी नव्हती. छताजवळ हवा खेचणारा, हाताने फिरवायचा पंखा होता आणि त्याचा नळ बाहेर अंगणात निघत असे. बंदुकीची दारू आणि गोळ्या मी तिथे कधीही आणल्या नाहीत. पुंगळ्या भरण्याचे काम गावात, एलिआसच्या शेडमध्ये होई. माझ्याकडे फक्त पितळ येई.

पूर्वी हे काम माझा थोरला भाऊ आर्मास करत असे. आमच्या कोर्पिला गावच्या शिकारी टोळीत सगळ्यांच्या बंदुका जुन्या सैनिकी, एकाच मापाच्या. त्यामुळे सगळ्यांचे पितळ एकाच माणसाच्या हातून जायचे, अशी रीत पडली होती. मागच्या ऑक्टोबरात, एल्क हरणांच्या शिकारीत, आर्मास हौकिसुओच्या दलदलीत बंदुकीसकट नाहीसा झाला. तो सापडला नाही. मी धातुशास्त्र शिकलेली, कारखान्याच्या चाचणी प्रयोगशाळेत नोकरी करणारी. तेव्हा त्याची हत्यारे कोणाकडे जावीत यावर गावात फारशी चर्चा झाली नाही.

उडालेल्या पुंगळीच्या बुडाशी फुटलेली टोपी असते; ती आधी सुईने ठोकून काढायची. मग पुंगळ्या साबण आणि व्हिनेगरच्या पाण्यात धुवायच्या, मंद ओव्हनमध्ये वाळवायच्या. प्रत्येक बाराला पितळ फुगते, आवळते आणि कडक होते, आणि कडक पितळ तडकते. म्हणून पुंगळ्या परातीत अर्ध्या पाण्यात उभ्या करून फक्त त्यांची मान ज्योतीने तापवायची आणि रंग पालटताच एकेक आडवी पाडायची. त्यानंतर साच्यात दाबणे, लांबी मोजणे, वाढली असल्यास कापणे. आणि शेवटी वाकवलेली तार आत घालून भिंत कुठे पातळ झाली आहे का, ते चाचपणे. खाच लागली की पुंगळी बाद. मला हे काम आवडे. त्यात मताला जागा नव्हती.

त्या ऑगस्टमध्ये एलिआसने आणलेल्या डब्यात आर्मासची एक पुंगळी निघाली. ती ओळखणे सोपे होते: त्याच्या बंदुकीच्या पोकळीत एक ओरखडा होता आणि तिथे उडालेल्या प्रत्येक पुंगळीच्या खांद्यावर पापणीच्या केसाएवढी रेघ उमटत असे. शिवाय तो पुंगळीची फक्त मान दाबत असे, अंग नाही; त्यामुळे त्याचे पितळ त्याच्याच बंदुकीत बसे. अशी पुंगळी चुकून भरली गेली आणि दुसऱ्याच्या बंदुकीत अडकली, तर बोल्ट ना पुढे जातो ना मागे. म्हणून बंदूक गेली की तिचे पितळ पकडीने चेपून टाकायचे, हा नियम आहे.

मी पकड उचलली आणि परत ठेवली. टोपीसुद्धा न काढता ती पुंगळी मी फळीच्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून दूर, उभी केली.

पुढच्या शनिवारी तिच्यात पाणी होते.

२

पाणी थोडेसेच, बुडाशी, चहाच्या रंगाचे. सौनाची वाफ भिंतीतून झिरपून थंड धातूवर उतरली असेल, असे मी ठरवले, पुंगळी उलटी करून झटकली आणि वर घरी गेले. कारण आर्मासची बायको मिर्या येणार होती. ती दर शनिवारी बाजाराला शहरात येई आणि बसची वेळ होईपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात बसे.

"काल परत सगळ्यांच्या दारात जाऊन आले," डोक्याचा रुमाल न सोडताच ती म्हणाली. "सगळे तेच सांगतात. शीळ ऐकली, उत्तर ऐकलं, जागेवर बसलो. रेडिओवर हवामान सांगतात ना, तसं."

"आणि एलिआस?"

"त्याच्या अंगणात मी पाय ठेवत नाही. त्याने ठेवून बघावा माझ्या अंगणात."

शिळेचा हा प्रकार आमच्याकडे जुना आहे. शिकारीला निघालेला प्रत्येक जण एक उडालेली पुंगळी छातीच्या खिशात ठेवतो. तिच्या तोंडावरून फुंकले की तीक्ष्ण शीळ निघते आणि ती जंगलात माणसाच्या हाकेपेक्षा लांब जाते. तीन आखूड शिळा म्हणजे मी अडचणीत आहे. एक लांब शीळ म्हणजे ऐकले, येतो. ज्याने उत्तर दिले तोच जातो. बाकीच्यांनी बंदुका रिकाम्या करून आपापल्या जागी बसून राहायचे. भरल्या बंदुका घेऊन सगळेच धावत सुटले तर झाडीत काय होते, ते गावाने एकदा पाहिले होते, आणि तेव्हापासून हा नियम कोणी मोडलेला नाही.

त्या दिवशी दलदलीच्या बाजूने तीन आखूड शिळा आल्या. उत्तर गेले. आर्मासची शीळ थांबली. सगळे नियमाप्रमाणे बसून राहिले, आणि अंधार पडताना शेकोटीपाशी जमल्यावर जो तो दुसऱ्याला विचारू लागला, तू गेला होतास ना?

कोणीही गेले नव्हते. उत्तर दिल्याचे कोणी कबूल केले नाही. दलदलीला सर्वांत जवळची जागा टोळीचा नायक एलिआस याची होती. तेव्हापासून मिर्या त्याच्याशी बोललेली नव्हती आणि तिच्यामागोमाग अर्धे गावही बोलेनासे झाले होते.

"मला एवढंच हवंय," मिर्या म्हणाली, "उत्तर कुणी दिलं. का गेला नाही, ते विचारणारसुद्धा नाही मी."

"विचारशील."

"विचारीन," ती म्हणाली, आणि वेलचीचा पाव कॉफीत बुडवला.

३

पाणी पुन्हा साचले. मी भेगेचा संशय घेतला. पितळाला अमोनिया लागला की भेगा पडतात. इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवलेली काडतुसे अशीच तडकत, हे आम्हाला पाठ्यपुस्तकात होते. भिंगाखाली भेग दिसली नाही, आणि दिसली असती तरी भेगेतून पाणी बाहेर जाते, आत येत नाही. मी थेंब प्रयोगशाळेत नेले. आम्लधर्मी, लोहयुक्त, कुजलेल्या शेवाळाचा अंश असलेले. वाफेचे पाणी असे नसते. आमच्या नळाचेही नव्हते.

शीळ पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी पुंगळ्यांच्या माना तापवत होते. ज्योतीच्या फुरफुरीमागे काहीतरी बारीक होते. ज्योत बंद केली. पलीकडे सौनात कोणीतरी कोणाला तरी "अजून पाणी टाकलंस तर मी शिजून निघेन" असे म्हणत होते. ते हसणे विरले आणि मग आले: तीन आखूड. थोडा विराम. पुन्हा तीन.

वाऱ्याचा झोत पुंगळ्यांच्या रांगेवरून गेला की शीळ वाजणारच, असे मी मोठ्याने म्हटले. पंख्याच्या नळाची झडप बंद केली. दार लोटून दोन्ही दांड्या आवळल्या. आता खोलीत हवा हलायला जागा नव्हती, आणि कानात माझेच रक्त वाजत असल्याचे जाणवत होते.

तीन आखूड.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की माझा तर्क पहिल्यापासूनच चुकीचा होता. परातीतल्या आणि फळीवरच्या बाकी सगळ्या पुंगळ्यांच्या टोप्या मी काढलेल्या होत्या. टोपी काढली की बुडाला भोके उघडी पडतात. अशा पुंगळीतून शीळ निघत नाही, नुसती फुसफुस होते. मी एकीवर फुंकून खात्री केली. एलिआसच्या डब्याचे झाकण घट्ट होते. बूड शाबूत असलेली उघडी पुंगळी खोलीत एकच होती.

मी तिच्या तोंडावर अंगठा ठेवला.

शीळ थांबली. पितळ बर्फासारखे गार होते. आणि अंगठ्याखाली, कातडीला, मंद ओढ जाणवू लागली. आत, मग सैल. आत, मग सैल. ती ओढ लवकर लवकर होऊ लागली. आपण कोणाची तरी हवा अडवून धरली आहे, हा विचार इतक्या स्पष्टपणे मनात आला की मी हात झटकून मागे सरकले आणि सायकलींवर आपटले.

दांड्या सोडवायला मला फार वेळ लागला. त्या जड असतात, एरवीही लागतो.

४

एलिआस सप्टेंबरात पितळाचा आणखी एक डबा आणि खारवलेल्या माशाचे पुडके घेऊन आला. सत्तरीचा, पाठीत वाकलेला. तो बटाट्यांच्या खोक्यावर बसला आणि त्याने खोलीभर नजर फिरवली.

"थडगं बरं यापेक्षा," तो म्हणाला. "तिथे निदान वरून फुलं तरी ठेवतात."

"एलिआस, तुला काही ऐकू येतंय?"

त्या क्षणी शीळ वाजत होती. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"माझे कान बंदुकीने खाल्ले. बारीक आवाज तर गेलेच. बायको म्हणायची, सोयीचे तेवढे गेले." तो माझ्याकडे वळला. "काय ऐकू यायला हवं?"

"काही नाही. त्या दिवशी मात्र तू ऐकलंस."

"त्या दिवशी ऐकलं." त्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्याची शीळ ऐकली आणि मी पुंगळी खिशातून काढतच होतो. ओठांपर्यंत आणली. तेवढ्यात दुसऱ्याने उत्तर दिलं. माझ्या आणि त्याच्या मधून कुठून तरी. तिथे आपला कुणी नव्हता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण उत्तर आलं की माणूस सुटकेचा श्वास टाकतो, पोरी. विचार करत नाही."

"उत्तर कसं होतं?"

"वाईट. नवख्याने दिल्यासारखं. आधी खाली, मग मधेच फाटलं, रडणाऱ्याचा गळा फाटतो तसं. मग वर चढलं. आणि शेवटी एक छोटं शेपूट. आपल्यातलं कुणी शेपूट लावत नाही. त्याने खूण बिघडते. थांब, असं बघ." त्याने डब्याकडे हात नेला.

"इथे नको," मी म्हणाले.

माझ्या आवाजात काय होते ते मला ठाऊक नाही. त्याने हात मागे घेतला.

"मिर्या म्हणते, मी दिलं," तो म्हणाला. "दिलं असतं तर गेलो असतो. बुडालोही असतो कदाचित, पण गेलो असतो. आता दुकानात शिरलो की बाया बोलायच्या थांबतात. परवा चर्चमध्ये आख्ख्या बाकावर मी एकटा. ऐसपैस बसलो, म्हटलं." तो हसला नाही. "तिला कोण सांगणार?"

"तूच सांग. उत्तर कसं होतं ते तिला सांग."

"ती दार उघडेल तेव्हा." उठताना त्याची नजर फळीच्या कोपऱ्यावर गेली. "ती त्याची ना? चेपली नाहीस अजून?"

"नाही."

"चेप, सोइली. अडकेल कुठेतरी."

५

मोजता येते ते मोजावे, एवढेच मला शिकवले गेले आहे. एका बाजूने बंद नळीचा स्वर तिच्यातल्या हवेच्या लांबीवर ठरतो. हवा आखूड तर स्वर उंच. आर्मासच्या पुंगळीचा स्वर दर शनिवारी चढत होता.

मी एक शाबूत पुंगळी घरी नेली. ऐकलेला स्वर मनात धरून तिच्यात ड्रॉपरने पाणी सोडत गेले आणि दर थेंबाला फुंकून पाहत गेले. दोन स्वर जुळले तेव्हा ती अर्ध्याहून अधिक भरलेली होती. पुढच्या शनिवारी जास्त थेंब लागले. त्याच्या पुढच्या शनिवारी त्याहून जास्त. मी त्याच्या पुंगळीतले पाणी ओतून टाकत असे, तिला ओव्हनमध्ये वाळवत असे. तरी स्वर खाली येत नसे. जो स्वर मला ऐकू येत होता तो माझ्या फळीवरच्या पुंगळीचा नव्हताच. तो तिथल्या पुंगळीचा होता, जिथे पाणी ओतून टाकणारे कोणी नव्हते.

हे वाक्य मी लिहिले आणि आता पुसत नाही.

उरलेली हवा एका नखाएवढी होती. मी उत्तर का दिले नाही, असे कोणीही विचारील. त्याच प्रयोगात, स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घेऊन, मी एक लांब शीळ घालून पाहिली होती. लहानपणीही मला ती कधी जमली नव्हती. आर्मास माझी नक्कल करायचा. आताही माझी शीळ मधेच फाटली.

मी पुंगळी टेबलावर ठेवली आणि हात मांडीखाली घेऊन बसले. त्या दिवशी उत्तर आले म्हणूनच कोणी हलले नाही. उत्तर आले नसते तर एलिआस गेला असता. पुंगळी त्याच्या ओठांपर्यंत आली होती. मागच्या वर्षीची शीळ जर या वर्षीच्या खोलीत ऐकू येत असेल, तर या खोलीतली शीळ मागच्या वर्षी ऐकू जाणार नाही, असे म्हणायला माझ्याकडे काय आधार होता? कार्य कारणाच्या आधी घडत नाही, हा आधार. तो मी वर्षानुवर्षे प्रयोगशाळेतल्या शिकाऊ मुलांना दिला आहे. त्या टेबलाशी तो मला पुरला नाही.

उत्तर दिले तर मी त्याला मारणार. न दिले तर तो पाण्यात उभा राहून बोलावत राहणार, आणि मी ऐकत राहणार. पुंगळी चेपली तर त्याच्या त्या नखभर हवेचे काय होईल, ते मला कळत नव्हते. खोली सोडून द्यावी, तर मी ऐकत नसताना तो शीळ घालत नसेल, असे मानायलाही जागा नव्हती. कोणत्याही बाजूला वळले तरी हाताला काँक्रीटच लागत होते.

मी दर शनिवारी खाली जात राहिले. निदान कोणीतरी ऐकावे, एवढ्यासाठी.

६

शिकारीचा हंगाम उघडण्याच्या आदल्या शनिवारी मिर्या न सांगता तळघरात उतरली. मी दार आवळलेले नव्हते. तिच्या हातात बाजाराची पिशवी होती.

"वर बेल वाजवून दमले. शेजारीण म्हणाली, बाई खाली असतात, भांडी घासत." तिने परातीकडे पाहिले. "यांच्यासाठी करतेस हे सगळं. त्या बसून राहणाऱ्यांसाठी."

"मिर्या, चल वर. कॉफी ठेवते."

"चल काय. त्याची हत्यारं बघू दे तरी मला, सहा खोकी बटाटे आणि..." ती थांबली.

मी आधी तिच्याकडे पाहिले, मग फळीकडे. शीळ इतकी बारीक झाली होती की तिला आवाज म्हणावे की दाताला लागणारी कळ, असा प्रश्न पडावा. तीन आखूड.

"हे काय वाजतंय?"

"पंख्याचा नळ."

"मला शिकवतेस? वीस वर्षं मी त्याला अशाच पुंगळीच्या शिळेने जेवायला बोलावलंय." तिचा आवाज शांत होता, आणि मला त्याचीच भीती वाटली. "सोइली. तो बोलावतोय."

"उत्तर देऊ नकोस."

"काय म्हणालीस?"

"मला तुला नीट सांगता येणार नाही. उत्तर देऊ नकोस, एवढंच ऐक माझं."

गाव एलिआसकडे ज्या नजरेने पाहत होते, त्या नजरेने तिने माझ्याकडे पाहिले. मग पिशवी खाली टाकली आणि एलिआसच्या डब्याचे झाकण उपटले. मी तिचा मनगटापाशी हात धरला. ती शेतात राबणारी बाई. तिने मला खांद्याने असे सारले की मी परातीवर पडले आणि पुंगळ्या खणखणत जमिनीवर पसरल्या. मी गुडघ्यांवर होते, फळीच्या उंचीला माझे डोळे, म्हणून पुढचे मला दिसले.

आर्मासची पुंगळी काठोकाठ भरली होती. सकाळी मी ती स्वतः वाळवली होती. वर टांगलेल्या दिव्याचे पिवळे प्रतिबिंब त्या पाण्याच्या टिकलीत असायला हवे होते. तिथे राखाडी उजेड होता आणि कडेने खुरट्या पाइनचे शेंडे होते, खालून वर पाहताना दिसतात तसे.

मिर्याने पुंगळी ओठांना लावली आणि एक लांब शीळ घातली. ती खालून निघाली. मधे तिचा श्वास हुंदक्याने फाटला. मग शीळ वर चढली, आणि शेवटी, वीस वर्षांच्या सवयीने, तिने एक छोटे शेपूट लावले. जेवण वाढलंय, ये, असे.

टिकलीतल्या त्या आकाशाची एक कड काळवंडली. कोणीतरी काठावर येऊन वाकून पाहावे तशी. ते किती वेळ वाकलेले होते ते मला सांगता येत नाही. मग खालून एक बुडबुडा आला, फुटला, आणि पाण्यात दिवा दिसू लागला.

शीळ थांबली होती.

"ऐकलं त्याने," मिर्या म्हणाली. तिचे तोंड ओले झाले होते आणि ती हसत होती. "थांबला बघ. ऐकलं." तिने कोटाची बटणे लावायला घेतली. "उत्तर मी दिलंय, आता मलाच जायला हवं. तू इथेच थांब. नियम आहे."

मी थांबले. तिच्या पावलांचा आवाज जिन्यावरून नाहीसा होईपर्यंत मला उठताच आले नाही. आणि मागे धावले असते तर काय सांगितले असते?

७

ती दलदलीवर जाऊन परत आली. मांड्यांपर्यंत चिखल, हाती काही नाही, आणि तरी तिच्यातले काहीतरी सैल झाले होते. रविवारी दुपारी तिने मला निरोप पाठवला आणि मी गावात पोचले, तेव्हा ती मला हाताला धरून सरळ एलिआसच्या घरी घेऊन गेली.

एलिआस दारात उभा राहिला. त्याच्या हातात अर्धवट सोललेला बटाटा होता.

"बाजूला हो," मिर्या म्हणाली. "की अंगणातच कॉफी पाजणार आहेस?"

"कॉफी उकळून उकळून डांबर झालीय."

"तुझ्याकडे कधी बरी होती."

तो बाजूला झाला. कप तिनेच काढले. त्याच्या स्वयंपाकघरात टेबल भिंतीला टेकवलेले आहे. मला आतल्या बाकावर, कोपऱ्यात बसवले, आणि मिर्या माझ्या शेजारी बाहेरच्या बाजूला बसली.

"तू दिलं नव्हतंस उत्तर," ती एलिआसला म्हणाली. "मला पटलंय. उत्तर दिल्यावर माणसाला बसवत नाही, तू गेला असतास. कसं पटलं ते विचारू नकोस, सोइलीला माहीत आहे. मी वर्षभर तुला नाही नाही ते बोलले."

"दुकानदाराने सगळं पोचवलं. वर दोन त्याचे."

ती हसली. एलिआसही हसला, आणि मग टोपीने तोंड पुसत खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर त्याचा कुत्रा साखळीच्या टप्प्यात फेऱ्या मारत होता. आता उठावे, बस निघेल, असे मी म्हणाले. कोणी लक्ष दिले नाही.

"मला आता राग नाही," मिर्या म्हणाली. "कुणी का दिलं असेना. त्याला वाटलं कुणीतरी येतंय, शेवटी तेवढं तरी वाटलं. पण गावात कोण कसं फुंकतं ते मला ऐकून ऐकून पाठ आहे. एकदा ऐकलं की ओळखीन. इतके दिवस तुला विचारलंच नाही. कसं होतं ते, एलिआस?"

"सोइलीला सांगितलंय मी."

तिने माझ्याकडे वळून पाहिले. "मग?"

"नीट आठवत नाही," मी म्हणाले. "मिर्या, मला जरा बाहेर जाऊ दे."

"बस गं, जाशील. एलिआस, तोंडाने सांगू नकोस. वाजवून दाखव."

"विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही ते," एलिआस म्हणाला. त्याने छातीच्या खिशातून पुंगळी काढली.

माझ्या पाठीशी भिंत होती, पुढे टेबल, डावीकडे भिंत. उजवीकडे मिर्या हनुवटी तळहातावर टेकवून, डोळे मिटून, नीट ऐकू यावे म्हणून कानावरचा रुमाल मागे सारत होती.

एलिआसने पुंगळीचे तोंड अंगठ्याने पुसले आणि श्वास घेतला.